कंडक्टर दहावीला बसायला जातात

रिटायर झालेले कंडक्टर साठीनंतर दहावीला बसायला निघाले, ते काही विद्येच्या प्रेमाने नव्हे. घरात भांडण कशावरूनही निघो, शेवटी बायको एकच वाक्य टाकायची, "या घरात दहावी पास कोण आहे?" की कंडक्टरांची बोलती बंद! त्यांचं गणित राहिलं होतं. यंदा ते सोडवायचंच, अशा जिद्दीने ते सरकारी प्रौढ शिक्षण वर्गाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी शाळेत हजर झाले.

आता गुपचूप बाकावर बसावं की नाही? पण जन्मभर उभ्याने नोकरी केलेला माणूस. रिकामे बाक बघून त्यांचा जीव कासावीस झाला आणि ते दारातच उभे राहिले.

"चला, चला, आत जागा आहे! मावशी, पुढे सरका. अहो वॉचमन, ती पिशवी मांडीवर घ्या की!"

शेजारच्या शिवणवर्गाला निघालेल्या बायकाही त्यांनी आत घातल्या. बसल्या बिचाऱ्या. सांगणारा इतक्या अधिकाराने सांगतोय म्हटल्यावर विचारणार कोण?

एवढ्यात एक तरुण बाई धापा टाकत आली. "अहो, मी इथली..."

"भरलं!" कंडक्टरांनी दार ओढून घेतलं. "मागून दुसरी येतेय, तिच्यात या."

मागून आले ते तपासणीचे साहेब. त्यांच्यामागे तीच बाई, चेहरा पांढराफटक.

"कमाल आहे, मास्तर! गेल्या वर्षी इथे चार टाळकी होती. मी आज हा वर्ग बंद करायला आलो होतो, आणि इथे लोक जागेसाठी बाहेर ताटकळतायत! ताई, बसा तुम्ही आत."

ताई शेवटच्या बाकावर बसली. खरं तर तीच वर्गाची शिक्षिका. पण पहिल्याच दिवशी उशीर, समोर साहेब, आणि फळ्यापाशी भलताच मास्तर. नोकरी गेलीच असं समजून तिने तोंडातून ब्र काढला नाही.

"साहेब, मी इथे शिकायला आलोय," कंडक्टर गोंधळून म्हणाले.

"वा! खरा शिक्षक असंच म्हणतो!" साहेबांनी वर्गाला एक गणित घातलं. सगळे छताकडे बघू लागले, कंडक्टरसुद्धा. शेवटच्या बाकावरून तेवढं उत्तर आलं, अगदी बिनचूक.

साहेब बेहद्द खूश. त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं की वर्ग चालू राहील, कंडक्टर शिकवतील आणि ताई परीक्षेला बसेल.

"आणि मी कधी बसू परीक्षेला?"

"तुम्ही कसे बसाल? शिक्षकाला बसता येत नाही."

साहेब गेल्यावर ताईने खरं काय ते सांगितलं. शेवटी शिकवायचं तिने आणि फळ्यापाशी उभं राहायचं यांनी, अशी तडजोड झाली. पण दहावी? ती राहिली ती राहिलीच.

घरी बायको वाट बघत होती. "झालं का नाव दाखल?"

"झालं. पण मास्तर म्हणून."

सगळं सांगून ते मान खाली घालून बसले. आता ते वाक्य येणार, ही खात्रीच होती. बायकोने मात्र पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

"अहो, तुमच्या वर्गात मला घ्याल का हो?"

"तुला कशाला? तू तर पास आहेस!"

"आपलं लग्न ठरताना बाबांनी जरा वाढवून सांगितलं होतं."

"जरा म्हणजे?"

"म्हणजे... गणित सोडून बाकी सगळं खरं होतं."