साळवेकाकांचं विमान

साळवेकाकांच्या घरात शिंक आली तर आधी कळवावं लागतं. खोटं वाटेल, पण हा नियम त्यांनी मला हात जोडून समजावून सांगितला आहे. "सविताबाई, शिंक आली की नुसता हात वर करा. मी टेबलावर ताट पालथं घालतो. मंग खुशाल शिंका."

कारण टेबलावर विमान असतं. म्हणजे विमानाचे तुकडे असतात, आणि त्यातले काही तिळाएवढे.

काका साखर कारखान्यात फिटर होते. माणूस आत उभा राहील एवढाल्या यंत्रांचे नटबोल्ट त्यांनी जन्मभर आवळले. निवृत्त झाल्यावर कोल्हारला आमच्या शेजारी घर बांधलं. मागच्या वर्षी त्यांच्या मुलानं, अमोलनं, हैदराबादहून एक खोकं पाठवलं. अमोल तिकडे विमानं दुरुस्त करण्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. खोक्यात जुन्या काळच्या, दोन पंख्यांच्या डकोटा विमानाचे प्लास्टिकचे सुटे भाग होते. जोडून झालं की वीतभर विमान. सोबत चिठ्ठी होती, 'पप्पा, हाताला काम.'

मला वाटलं, फिटर माणूस, आठवड्यात जोडून मोकळा होईल. आठ महिने लागले.

कारण काका म्हणजे काळजीचं कोठार. कुठलंही वाक्य ते 'समजा'पासून सुरू करतात. रविवारी चर्चला निघताना कुलूप तीनदा ओढून बघतात आणि तरी अर्ध्या वाटेवरून परत येतात. एकदा मला म्हणाले, "समजा, मी मगाशी वढलं ते कुलूप आपल्या दाराचं नसलंच तर?"

विमानाचे तुकडे हरवू नयेत म्हणून त्यांनी ते रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवले. वारांप्रमाणे सात कप्पे असलेली डबी. सोमवारी गोळी, मंगळवारी चाक, बुधवारी गोळी, असं काहीतरी त्यांचं गणित होतं. एका सकाळी ते धावत आमच्याकडे आले. चेहरा पांढराफटक.

"सविताबाई, चाक तोंडात गेल्तं!"

"अगं बाई! गिळलंत?"

"न्हाई, थुकलं. पन समजा गिळलं असतं तर? एका चाकावर इमान उतरणार कसं?"

पोटाची काळजी नव्हतीच. विमानाची होती.

आमची पिठाची गिरणी आहे आणि ती मी चालवते. गिरणी आणि काकांचं टेबल यांच्यामध्ये एकच भिंत. गिरणी सुरू झाली की टेबल हलतं, असं त्यांचं म्हणणं. भरीला हवेत पीठ, आणि हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काजळी. पिठातून वाचलेला रंग काजळी खराब करते. शेवटी त्यांनी टेबलाला मच्छरदाणी बांधली. भर दुपारी हा माणूस मच्छरदाणीत बसून, भिंग लावून, तीन केसांच्या ब्रशनं विमान रंगवायचा. दळणाला येणाऱ्या बायका खिडकीतून बघायच्या आणि मला खुणेनंच विचारायच्या, बरं आहे ना?

विमानाच्या पोटाचे दोन भाग चिकटवायचा दिवस तर मी विसरणार नाही. त्याआधी अकरा दिवस ते दोन्ही भाग हातात घेऊन नुसते बसत होते. "एकदा चिकटलं की आतलं काय दिसायचं न्हाई. समजा, आत एखादी खुर्ची वाकडी ऱ्हायली तर?" वाकडी राहिली तर राहिली, तिच्यावर कोण बसणार आहे, असं मी म्हणाले नाही. शेवटी एका दुपारी त्यांनी मला पंधरा मिनिटं गिरणी बंद ठेवायची विनंती केली. मी पट्टा थांबवला. बाजरी घेऊन आलेल्या एक मावशी भडकल्या.

"लाईट गेली का?"

"नाही, शेजारी विमान चिकटवतायत."

"इमानापायी माझं दळण थांबवलं व्हय?" असं म्हणत त्या उठल्या, काकांच्या खिडकीशी गेल्या, आणि पंधरा मिनिटं श्वास रोखून तिथंच उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, "चिकटलं. आता लाव गिरणी."

शेवटी एका शनिवारी विमान पुरं झालं. मी स्वतः पाहिलं. चंदेरी अंग, पोटावरून निळी पट्टी, दोन्ही पंखे फुंकरीनं फिरणारे. मी पेढे आणले. काकांनी पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही. मला वाटलं, साखरेची काळजी असेल.

रविवारी मागचं चाक निखळलं. "पडलं," काका म्हणाले. सोमवारी शेपूट सुटलं. मंगळवारी खिडक्यांची काच आत गेली. मला अपराधी वाटायला लागलं. खरंच आपल्या गिरणीचा हादरा बसत असेल का? बुधवारी मी गिरणीला सुट्टी दिली. पट्टासुद्धा हलवला नाही. चार-साडेचारला त्यांचं आदल्या दिवशी दळलेलं पीठ द्यायला गेले तर दार उघडंच होतं.

काका मच्छरदाणीत बसले होते. एका हातात विमान, दुसऱ्यात पातळ पातं. उजव्या पंखाच्या सांध्यात ते पातं हळूच सरकवत होते. सरकवत, फुंकर घालत, पुन्हा सरकवत. बारीक आवाज करून पंख सुटला. तो त्यांनी हळूच रुमालावर ठेवला आणि मान वर केली, तर समोर मी.



"सविताबाई," ते म्हणाले, "अमोल रोज पाच वाजता फोन करतो."

ते मला माहीत होतं. कारखान्यातल्या आवाजानं काकांचे कान गेलेत, त्यामुळे फोन स्पीकरवर असतो आणि अर्ध्या गल्लीला ऐकू येतो.

"त्याची आई व्हती तवा तीच बोलायची. मी मागून म्हनायचो, बरा हाय म्हनावं. ती गेल्यावर आमी दोघं काय बोलनार? जेवलात का, जेवलो. पाऊस हाय का, न्हाई. झालं. दोन वर्सं असंच. मंग हे खोकं आलं. आता इचारतो, पप्पा, आज काय जोडलं? मी सांगतो. त्यो म्हनतो, तसं नको, असं धरा. अर्धा अर्धा तास बोलतो हो पोरगा." त्यांनी सुटलेल्या पंखावरचा नसलेला धुरळा पुसला. "शनवारी त्याला सांगितलंच न्हाई मी. झालं म्हनलो, तर उद्या काय इचारंल?"

मी पिठाचा डबा खाली ठेवला. म्हणाले, "काका, असं रोज उचकटत राहिलात तर प्लास्टिक झिजून जाईल. मग काय जोडाल?"

फिटरला हे पटलं. पुढचे दोन दिवस त्यांनी सगळं पुन्हा बसवलं. शुक्रवारी पावणेपाचला मला हाक मारली. "तुमी बसा जरा. समजा, माज्या तोंडातून शब्द न्हाई निघाला, तर तुमी सांगा त्याला."

मी चहा करून आणला. पाचला फोन वाजला.

"पप्पा, आज काय केलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग विमानाकडे. "झालं," ते म्हणाले. "पुरं झालं."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. इतका वेळ की मला वाटलं फोन कटला. काकांचा हात टेबलाची कड घट्ट धरून होता.

"अमोल? हाय का?"

"आहे पप्पा." मुलाचा आवाज वेगळाच लागत होता. "पप्पा, लगेच ठेवू नका. माझं एक बोलायचं राहिलंय. तुमच्या विमानाचं चाललं होतं म्हणून बोललो नाही. मला इथं करमत नाही. बरेच दिवस झाले. कामावरून खोलीवर आलो की पाच वाजायची वाट बघत बसतो."

मला वाटलं, आता काका घाबरेघुबरे होणार. तिळाएवढ्या तुकड्यांसाठी जे ताट पालथं घालतात, त्यांना ही बातमी कशी झेपणार?

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मच्छरदाणी वर केली, फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि त्याला जागा व्हावी म्हणून विमान कोपरानं बाजूला सारलं. विमान सरकत थेट टेबलाच्या कडेशी गेलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"कधीपासून रे?" ते म्हणाले. आवाज अगदी स्थिर. "पहिल्यापासनं सांग. मी बसलोय हितंच."

मी विमान उचलून कपाटावर ठेवलं, आणि चप्पल हातात घेऊन बाहेर पडले.