घरचा बैल आणि बाजारचा बैल

वामनभाऊंनी मला दिलेलं ग्राफिक्स कार्ड खराब नव्हतं. हे वाक्य मी आजवर कोणापुढेही उच्चारलेलं नाही, बायकोपुढेही नाही. उलट ते खराब आहे असं मी शाळेच्या हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं, आणि वामनभाऊ शेजारी उभे असताना ते तसंच राहू दिलं.

पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही. आधी वामनभाऊ सांगायला हवेत.

आमच्या मूल गावात कॉम्प्युटर बिघडला की वामनभाऊंना बोलवायचं. मोपेडवर पुढे पेचकसांची थैली, मागे बांधलेला एखादा जुना मॉनिटर, असा हा साठीकडे झुकलेला माणूस येतो. तक्रार काहीही असो. कीबोर्डवर चहा सांडलेला असो की आत पाल जाऊन मेलेली असो, ते आधी डबा उघडून एकच गोष्ट पाहतात: दोघं जागे आहेत का.

दोघं म्हणजे कोण, हे त्यांच्याच भाषेत सांगतो. पडद्यावर चित्र काढायची थोडी ताकद प्रोसेसरच्या पोटात मुळातच असते. तो घरचा बैल. मग व्हिडिओचं जड काम करायला आपण वेगळं कार्ड विकत आणून बसवतो. तो बाजारचा बैल. सगळं जग काय करतं, तर बाजारचा आला की घरच्याला झोपवून टाकतं. बऱ्याच मशीन तर हे आपणहूनच करतात. वामनभाऊंना हे अजिबात खपत नाही.

"धानाच्या बांधीत चिखल करताना एक बैल गोठ्यात बांधून ठेवतेस का गा?" ते विचारतात.

"नाही भाऊ."

"मंग इथी काऊन बांधला?"

आणि मशीन सुरू होतानाच्या निळ्या पानावर जाऊन ते घरच्याला जागं करतात. मग मागे बांधून आणलेला मॉनिटर काढतात, त्याची वायर मशीनच्या मागे वरच्या भोकात लावतात, मूळ मॉनिटरची खालच्या भोकात. "वर घरचा, खाली बाजारचा. जड काम खालच्या पडद्यावर. गाणे, चिठ्ठ्या, हिशोब वरच्याकडं. दोघायले आपापलं काम." एका किराणा दुकानदाराला दुसरा पडदा नको होता. वामनभाऊ पाऊण तास बोलले. शेवटी त्याने दुकान वाचवायला मॉनिटर ठेवून घेतला आणि त्यावर देवीचा फोटो लावला. आजही आहे.

माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, मार्कंड्याची जत्रा, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळं शूट करतो आणि जोडतो. माझ्या मशीनमध्ये कार्ड वामनभाऊंनीच बसवलं. दुसरा पडदा ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती. तरी त्यांनी घरच्याला जागं करूनच ठेवलं. "उद्या आणशील तं तयार पाहिजे."

दर सोमवारी ते माझ्याकडे मोबाईल घेऊन येत. रविवारी गावच्या तलावावर जाऊन त्यांनी एक तास पाणी शूट केलेलं असे. फक्त पाणी. हात हलल्याने चित्रात आलेली थरथर मी काढून द्यायची.

"भाऊ, यात काहीच होत नाही. पाच मिनिटं ठेवू?"

"कापू नोको. होते त्यात. तू पाहून नाई राह्यला."

मी काढून देत असे आणि पाठ फिरली की हसत असे. ही दुसरी कबुली.

आता माझी चूक. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची करवत, तसा माझा कॅमेरा आणि मशीन. त्या वर्षी मी साऱ्या वायरी उपटल्या, डबा अंगणात नेऊन धूळ उडवली, आणून पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि संध्याकाळी वायरी परत जोडल्या. पडदा लागला. मी सोनं वाटायला निघून गेलो.

त्यानंतर मशीन रडू लागली. दहा मिनिटांच्या कामाला तास लागे. वामनभाऊंना बोलवायचं मी टाळलं, कारण बोलावलं की दोन तास बैल ऐकावे लागतात. असे तीन महिने काढले. मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं. पालकसभेत व्हिडिओ दाखवायचा होता आणि माझा अर्धाही झाला नव्हता. हेडमास्तर स्टुडिओत येऊन बसले.

"सभा उद्या आहे," ते म्हणाले. "मी पालकांना काय दाखवू? तुमची कारणं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझं काही नाही सर. वामनभाऊंनी जुनं कार्ड गळ्यात मारलं."

हेडमास्तर खुर्चीत पुढे सरकले. "अरे, आमच्या बारा मशीनचं काम त्यांनाच द्यायचं चाललं होतं. वर्षभराची देखभाल पण." आणि त्यांनी स्वतःच वामनभाऊंना फोन लावला.

वामनभाऊ आले. तक्रार ऐकली. डबा उघडला नाही. तोंडात टॉर्च धरून मशीनच्या मागे वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. उठले तेव्हा बोटाला झेंडूची सुकलेली पाकळी होती. माझ्याकडे पाहिलं. मग हेडमास्तरांकडे.

"कार्ड नरम निघालं सर. सुधाकरची काई चूक नाई. मी पाह्याले पाह्यजे होतं. आता चालन."

मशीन घोड्यासारखी धावू लागली. हेडमास्तरांना व्हिडिओ वेळेत मिळाला. बारा मशीनचं काम नागपूरच्या कोणाला गेलं.

ते दोघं गेल्यावर मी मागे वाकून पाहिलं. दसऱ्याला मी वरच्या भोकात लावलेली वायर आता खालच्या भोकात होती. दुरुस्ती एवढीच. तीन महिने बाजारचा बैल रिकामा उभा होता आणि घरचा एकटा चिखल ओढत होता. दुसऱ्या कोणी बसवलेली मशीन असती तर वर वायर लावल्यावर पडदा काळाच राहिला असता आणि चूक तिथेच कळली असती. घरच्याला जागं ठेवणारा माणूस एकच होता. त्याच्याच हट्टामुळे माझी चूक लपली, आणि मग ती त्याने आपल्या अंगावर घेतली.

आठवड्याने मी सांगायचं ठरवून त्यांच्या घरी गेलो. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून घर. याआधी कधी गेलो नव्हतो. आत एकच मशीन, दोन पडदे. एका पडद्यासमोर वामनभाऊ कोणाचं तरी काम करत होते. दुसऱ्यासमोर खाटेवर उशीला टेकून एक म्हातारे बसले होते. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. त्यांच्या पडद्यावर तलाव होता. माझ्याच हातून निघालेलं ते पाणी.

"माहा दादा, मोठा भाऊ," वामनभाऊ म्हणाले. "जलमभर त्याच तलावात जाळं टाकलं. मले शिकवलं त्याच मासोळ्यायवर. आता जाता येत नाई, तं म्या तलावच घरी आणला."

पाण्यावर एक बारीक वर्तुळ उठलं. दादांनी डावं बोट वर केलं.

"पाह्यलं का?" वामनभाऊ म्हणाले. "मरळ आहे. मले अजून नाई ओळखता येत."

मी म्हणालो, "भाऊ, दादांना वेगळी मशीन द्यायची. तुमच्याकडे काय कमी आहेत?"

"दिली होती. तो त्या खोलीत, मी या खोलीत. दिवसभर कोणी कोणाशी बोले नाई." त्यांनी दादांच्या पाठीमागची उशी सरळ केली. "शाळेचं काम भेटलं असतं तं दुपारी भिंतीवरून उडी मारून याले जेवू घातलं असतं. आता गावोगाव फिरतो, त्याच्या जेवनाले चार वाजतात. चालते."

मी विषय काढला. "वामनभाऊ, ती वायर..."

"आता बरोबर लागली ना? मंग झालं. आन बारा मशीनी म्हणजे बारा भाषणं झाले असते गा. हेडमास्तर पळून गेले असते." ते हसले. "बस. चहा टाकतो. तू तेवढं पाण्याकडं पाह्य."

मी बसलो. चहा प्यायलो. दादांनी दोनदा बोट वर केलं. मी उठून आलो.

याला तीन वर्षं झाली. सोमवारी वामनभाऊ अजून येतात आणि मी पूर्ण तासाचं पाणी स्वच्छ करून देतो, आता पाहतोही. मोपेड अजून गावोगाव फिरते आणि दादा अजून चार वाजता जेवतात. हेडमास्तर त्याच शाळेत आहेत, माझ्या स्टुडिओपासून चालत दहा मिनिटांवर. त्यांच्या खोलीत जाऊन मला एवढंच म्हणायचं आहे: कार्ड चांगलं होतं सर, वायर मी चुकीची लावली होती. हे वाक्य मी वामनभाऊंचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.