ओलं सिमेंट आणि माझा हातोडा

मी एकदा मनावर घेतलं ना, की कुठलाही बँड महिन्याभरात बंद पाडू शकतो! हे मी बायकोला छाती ठोकून सांगितलं होतं. म्हणजे मनातल्या मनात. तोंडानं म्हणालो, "चहा टाक."

कारण होतं माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कालपर्यंत कुरिअरची पाकिटं चिकटवणारा हा गडी केस वाढवून, चार तारांची जाड गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला. बँडचं नाव म्हणे 'ओलं सिमेंट'! गाण्याचा प्रकार फंक-रॉक. म्हणजे गाणं नीट चाललेलं असतं आणि त्याला मध्येच उचकी लागते.

"जावईबापूंच्या बोटांत काय जादू आहे!" बायको उठता-बसता म्हणायची. मी जन्मभर पत्र्याच्या पेट्या ठोकतोय. माझ्या बोटांबद्दल ती एकदाच बोलली होती, "नखं कापा."

त्यात बँडनं तालमीसाठी खोली घेतली ती नेमकी माझ्या कारखान्याच्या वर. मी डाव टाकला. वर ड्रम पडला, की अर्ध्या श्वासानं मागून खाली माझा घाव! तालात नाही हं. मुद्दाम जरा उशिरा. भल्याभल्यांचा पाय घसरावा असा!

आठवड्याभरात वर चिडीचूप. मी खूश. तेवढ्यात साडू जिना उतरून आला. डोळ्यांत पाणी.

"त्रास होतो का रे माझा?" मी साळसूदपणे विचारलं.

"त्रास? दादा, आम्ही वर्षभर शोधत होतो ती उचकी तुम्ही दिलीत!" लबाडानं जमिनीला माइक चिकटवून माझं ठोकणं टिपून घेतलं होतं!

झालं! दुकानांच्या उद्घाटनाला वाजवणारी पोरं रेडिओवर गेली. न्हावी त्यांचं गाणं लावून माझीच दाढी करायला लागला. मी चिडून आणखी जोरात ठोकायचो, तर पुढचं गाणं आणखी चालायचं. जळत होतो मी आणि चूल पेटत होती त्यांची!

मग त्यांना शहरातलं सगळ्यात मोठं सभागृह मिळालं. साडू म्हणाला, "दादा, स्टेजवर तुम्हीच हवेत." मी आढेवेढे घेतले, पण पहिल्या रांगेत बायको बसणार होती. म्हटलं, आज कळेल हिला, बोटं कशाला म्हणतात!

नवा शर्ट, पुढ्यात पत्र्याची पेटी, डोळ्यांवर दिवे, समोर माणसांचा समुद्र. ड्रम पडला आणि मी ठोकलं. अगदी बरोबर तालात! शाळेच्या घंटेसारखं! कितीही प्रयत्न केला तरी घाव मागे पडेना. माणूस सुखात असला की त्याचा हात चुकत नाही हो! गाणं तिथंच भिजलेल्या पापडासारखं बसलं. मागच्या रांगेत लोक जांभया द्यायला लागले. बायकोनं मान खाली घातली.

साडूनं माझ्याकडे पाहिलं. बेरकी माणूस! माइक तोंडाशी धरून म्हणाला, "दादा, आमच्या लग्नात तुम्ही करून दिलेली पेटी आम्ही भंगारात दिली! झाकणच लागत नव्हतं!"

माझ्या पेटीचं झाकण? लागत नाही? अरे, मुंगी आत गेली तर तिला बाहेर यायला अर्ज करावा लागतो! माझं डोकं सणकलं. मी जो हातोडा उचलला! प्रत्येक घाव अर्ध्या श्वासानं उशिरा, प्रत्येक घावाला साडूचं टाळकं डोळ्यांपुढे! सभागृह खुर्च्यांवर चढून नाचायला लागलं. दारावरचा पहारेकरीसुद्धा कंबर हलवत होता!

पडदा पडला. बायको धावत आली. डोळे चमकत होते, गाल लाल. लग्नानंतर पहिल्यांदाच ती माझ्याकडे अशी बघत होती. मी हळूच बोटं पुढे केली.

"पाहिलंत?" ती म्हणाली, "आमच्या जावईबापूंनी तुमच्यासारख्याकडूनसुद्धा वाजवून घेतलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात असा काही ठोकत सुटलो, की विचारू नका. वरून साडूचा आनंदी आवाज आला, "दादा, थांबू नका! नवीन गाणं मिळालं!"