चाळीस चुली आणि एक पातेलं

"तीन हजार माणसांचा स्वयंपाक एकटा सांभाळतोय!" असं आचाऱ्यानं बायकोला पत्रात ठोकून दिलं होतं. अगदीच थाप नव्हती ती. छावणीत चुली चाळीस होत्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्या तोच पेटवत होता. फक्त त्यातल्या एकोणचाळीस चुलींवर काही शिजत नव्हतं! ओलं गवत टाकून धूर तेवढा काढायचा. टेकडीपलीकडच्या शत्रूनं दुर्बीण लावावी आणि म्हणावं, बाप रे, केवढी ही फौज! प्रत्यक्षात छावणीत माणसं अकरा. तंबू रिकामे आणि रणगाडे रबराचे, सायकलच्या पंपानं फुगवलेले. खरी म्हणावी अशी एकच पलटण होती, ती खाली नदीच्या पुलावर.

"बातमी फुटली तर शत्रू सरळ चालत येईल," कप्तानसाहेबांनी बजावलं होतं. "आपल्या माणसांनासुद्धा कळता कामा नये!"

सहा मैल मागे गावात आचाऱ्याची बायको आणि दोन मुली राहत होत्या. शत्रू आला की त्याच रस्त्यानं, त्यांच्याच दारावरून जाणार.  त्यामुळे एखादी चूल जरा कमी धुरकटली तरी आचारी गवताचा भारा घेऊन धावत सुटायचा.

अशात एका दुपारी गावाकडच्या रस्त्यावर धुळीचा प्रचंड लोट उठला आणि त्यातून नऊ ट्रक बाहेर आले. पहिल्यातून उडी मारून उतरला तो चक्क त्याचा मेहुणा! बायकोचा धाकटा भाऊ. भर पंगतीत "दाजी, मीठ विसरलात की मुद्दामच?" असं विचारणारा.

"दाजी, तुम्ही इथे? बरंच झालं! आठशे जवान आहेत माझ्याबरोबर. निम्मे मागून येताहेत. इथे चाळीस चुली आहेत म्हणे, म्हणजे जेवण तयारच असेल!"

आचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. पातेल्यात बटाटे होते सव्वीस.

"अरे, अर्धा तास आधी यायचं नाही का! तीन हजार जण आत्ताच जेवून उठले. भांडीही घासून झाली."

"मग गेले कुठे तीन हजार?"

"कवायतीला."

"मग आवाज कसा नाही आला?"

"मूक कवायत आहे! नवीन पद्धत."

आता हा आरडाओरडा करणार, म्हणून आचाऱ्यानं डोळेच मिटून घेतले. पण मेहुणा घाईघाईनं म्हणाला, "चालेल, चालेल! आमच्या जवानांना तशी भूक कमीच असते." आणि निवांत रणगाड्याला टेकला.

फुस्स!

रणगाड्याच्या तोफेनं हळूहळू मान टाकली.

"दाजी, हे काय?"

"उन्हानं होतं तसं! नवीन पोलाद आहे."

त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायला हवं, म्हणून आचाऱ्यानं चहाची किटली उचलली आणि तो शेवटच्या ट्रककडे धावला. बिचारे जवान, उपाशी, तरी कुणी हूं की चूं करत नव्हतं. त्याला खरंच भरून आलं.

"उठवू नका त्यांना!" मेहुणा मागून ओरडत सुटला. "तीन रात्री जागलेत!"

तोवर आचाऱ्यानं कडेच्या जवानाचा खांदा हलवला होता. "घे रे बाळा, घोटभर." बाळाचं डोकं सुटलं आणि धपकन किटलीवर पडलं. टोपी घातलेलं गोणपाट होतं, आत भुसा!

"त्याचं डोकं," मेहुणा धापा टाकत म्हणाला, "सकाळपासून दुखतच होतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मेहुण्यानं ट्रकच्या मागे बांधलेल्या झाडाच्या फांद्या दाखवल्या. नऊ ट्रकांत पन्नास ट्रकांची धूळ उडवायची युक्ती!

"आम्ही नऊ जण. तुम्ही?"

"अकरा."

दोघेही पोट धरधरून हसले. इतक्या दिवसांत आचाऱ्याला पहिल्यांदाच हलकं वाटलं.

तेवढ्यात तंबूतून कप्तानसाहेब हात नाचवत आले. "शाब्बास! आत्ताच वरून फोन आला. इथे जवळपास चार हजार फौज जमलीय, अशी वरिष्ठांची खात्री पटलीय. म्हणून ते पुलावरची पलटण दुसरीकडे हलवताहेत. संध्याकाळी निघेल."

आचाऱ्याचं हसू जागच्या जागी विरलं. "पण साहेब, वरिष्ठांना कुणी सांगितलं नाही का, की आपण..."

"काहीतरीच काय! गुपित आहे ते!" कप्तानसाहेब ऐटीत म्हणाले. आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. टोपी सावरत ते फोनकडे पळाले. फोन काही लागेना.

आचाऱ्यानं मेहुण्याचा दंड धरला. "एक ट्रक घे आणि तडक गावात जा. तुझ्या ताईला आणि पोरींना माहेरी नेऊन सोड."

"पण कारण काय सांगू? खरं तर सांगता येत नाही!"

"सांग, आई आजारी आहे."

"आई? आई तर ठणठणीत आहे! ताईचा विश्वास बसायचा नाही, दाजी."

"आठशे माणसं खोटी आणलीस ना रे इथवर?" आचारी रडकुंडीला येऊन ओरडला. "मग एक आजारपण नाही होय आणता येत?"