आबासाहेबांचं हसू

घाटनांदुरात पुढाऱ्याचा फ्लेक्स बनवावा तर मीच. कुणाचा फोटो केवढा आणि कोण कुणाच्या खांद्याशी, हे मला झोपेतून उठवून विचारा! सॉफ्टवेअर मात्र पहिल्यापासून एकच, ‘चित्रसाथी’. बायकोशी रोज भांडलो असेन, त्या कंपनीशी कधी नाही.

पण यंदा कंपनीचं डोकं फिरलं. नव्या आवृत्तीत फोटो म्हणे कॉम्प्युटरच मांडणार. ज्याचं हसू मोठं, त्याचा फोटो मोठा! मी तडक पुण्याला, कंपनीत फोन लावला.

“ताई, मी तुमचं लई जुनं गिऱ्हाईक, विलास. तुमची दिशा चुकायलीय. आमच्याकडं मोठा माणूस फोटोत हसत नसतो.”

“सर, मी धनश्री. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.”

“मोलाचं हाय तर जुनं परत द्या!”

“वर कळवते, सर.”

तिचा आवाज गोड, माझा चढलेला. त्या नादात समोर उघडा असलेला गावचे पुढारी आबासाहेब यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मी न बघताच छापायला सोडला. गुंडाळी करून फ्लेक्स बांधणाऱ्या बजरंगकडे दिली. बजरंगला खांबावर चढलं की फक्त दोरी दिसते.

सकाळी चौकात बँड वाजत होता. फ्लेक्सच्या मधोमध पुरुषभर उंचीचा सटवा चहावाला, बत्तीस दात दाखवत. शुभेच्छुक म्हणून त्याचा फोटो खाली कोपऱ्यात जायचा होता. आता त्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे आबासाहेब, कपाळाला आठ्या घालून. बाहेरगावच्या दोघांनी तर सटवाला हारही घातला.

गावातलं सगळं काम आबासाहेबांच्या शब्दावर मिळायचं. ते फिरले असते तर मी मोटारसायकलींच्या नंबरप्लेटा रंगवत बसलो असतो. तेवढ्यात ते दुकानात आलेच.

“विलास, ह्ये कुणी केलं बे?”

“कंपनीनं, आबासाहेब. मशीन नुसतं हसू बघतंय, माणूस न्हाई बघत. आत्ता तुमाला हातानं मधी बसवतो.”

“हातानं? म्हंजी सटवाला मशीननं निवडलं अन् मी तुज्याकडनं जागा मागून घेतली, असं लोक म्हणणार. दुपारी येतो. नवा फोटो काढ. मशीनलाच ठरवू दे.”

घरी जाऊन ते आरशासमोर बसले. दाढ दुखतेय असं समजून दगडाबाईंनी, त्यांच्या मंडळींनी, लवंग आणून दिली.

दुपारी आले ते हसू चेहऱ्यावर घट्ट धरूनच. “काढ लवकर,” दातांतूनच म्हणाले. मी फोटो काढला. खरं सांगतो, हसू झकास होतं. इतकी वर्षं या माणसानं ते कुठं ठेवलं होतं, कोण जाणे. मला भरूनच आलं.

कॉम्प्युटर उघडला तर पडद्यावर सूचना : ‘आमच्या जुन्या, निष्ठावान ग्राहकांच्या मताचा आदर करून हसऱ्या मांडणीची सोय आजपासून काढून टाकत आहोत.’

जन्मात पहिल्यांदा कुण्या कंपनीनं माझं ऐकलं होतं.

“काय म्हणतंय मशीन?” हसू न मोडता आबासाहेबांनी विचारलं. “निवडलं का मला?”

“इचारतो,” म्हणून मी बाहेर सटकलो आणि पुण्याला फोन लावला.

“ताई, विलास बोलतोय, घाटनांदूरहून. तुमची दिशा बरोबर होती.”

“सर, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. वर कळवते.”

आत आबासाहेब अजून हसतच बसले होते.