मनोहररावांनी गप्प केलेलं स्टेज

मनोहरराव खरवंडीकरांनी त्या गणेशोत्सवात फक्त बायकोला मदत करायचं ठरवलं होतं. एवढंच. आता तुम्ही म्हणाल, यात काय बिघडलं? थांबा, सांगतो.

मनोहरराव भोपाळच्या सरकारी कारखान्यात, अवजड यंत्रांच्या चाचणी विभागात होते. यंत्र खडखडलं की यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावायची, दोष हुडकायचा आणि यंत्राला गप्प करायचं. बावीस वर्षं हेच. त्यामुळे जगातला कुठलाही आवाज म्हणजे कुणाची तरी चूक, अशी त्यांची पक्की समजूत. (घोरणं सोडून. ते स्वतःचं होतं.)

बायको लीला माहेरची नागपूरची, रेल्वे कॉलनीतली. तिथल्या एका अँग्लो-इंडियन बाईंकडे ती टॅप डान्स शिकली होती. बुटांच्या टाचांना आणि चवड्यांना लोखंडी चकत्या ठोकायच्या आणि जमिनीवर ताल वाजवत नाचायचं. लग्न झालं, सासूबाईंनी ते बूट पाहिले, "अगंबाई, नाल ठोकलेत की काय?" म्हणाल्या, आणि बूट ट्रंकेत गेले ते वीस वर्षं. यंदा मात्र टाउनशिपच्या महाराष्ट्र मंडळाच्या स्पर्धेत तिनं नाव दिलं.

"एकदाच नाचून घेते, अहो. गुडघे आहेत तोवर."

दीड महिना रोज दुपारी, हे ड्यूटीवर असताना, तिनं व्हरांड्यात एका लाकडी फळीवर सराव केला. मनोहररावांनी तो नाच एकदाही ऐकला नाही. नाच ऐकायचाही असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ते सहज मंडपात डोकावले. स्टेजवर चार पावलं टाकली, तर खालून पोकळ फळ्या धाडधाड वाजल्या. मनोहररावांच्या अंगावर काटाच आला. बायको एवढ्या हौसेनं नाचणार आणि स्टेज असं बोंबलणार? छे छे! झालं, गडी कामाला लागला. गोविंदपुऱ्यातल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून जाड रबराच्या चटया आणल्या, फळ्यांखाली ठोकल्या, पोकळीत भुशाची पोती कोंबली आणि एकूण एक बोल्ट आवळला.

मंडपवाले रफीकभाई बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "अरे खाँ, तख्त बोलेगा नहीं तो नाच में मजा क्या आएगा?"

"रफीकभाई, आप टेंट देखो. आवाज अपना सब्जेक्ट है."

मग त्यांनी स्टेजवर एक उडी मारून पाहिली. भप्! मनोहरराव स्वतःवर जाम खूश झाले. लीलाला त्यांनी काही सांगितलं नाही. सरप्राइज द्यायचं होतं ना!

संध्याकाळी लीला स्टेजवर आली. तबलजीनं दोन आवर्तनं वाजवली आणि ठरल्याप्रमाणे हात उचलले. आता पुढचं सगळं तिच्या पावलांनी बोलायचं होतं. पावलं सुटली. टाच, चवडा, टाच, एक घसरा, एक गिरकी. पण चकत्यांची टिकटिक पहिल्या रांगेपर्यंतही पोचेना; मंडपात ऐकू येत होती ती फक्त पंख्यांची घरघर.

लीलानं एकदा खाली पाहिलं. पाय आणखी जोरात आपटला. भप्.

"माइक गेला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. शेजारच्या खुर्चीतल्या शकुंतलाबाई मनोहररावांकडे झुकल्या. "काय हो, वहिनी मघापासून जागच्या जागी कुठं निघाल्यात?"

तेव्हा कुठे मनोहररावांच्या डोक्यात उजेड पडला. अरे देवा! आवाज हाच तर नाच होता! बेअरिंगमधला केसाएवढा दोष ज्याच्या कानातून सुटत नाही, त्यानं बायकोचं एवढं एक सुख स्वतःच्या हातांनी पोत्यात कोंबलं होतं. उठून फळ्या उचकटाव्यात असं त्यांना वाटलं. पण बोल्ट त्यांनीच आवळले होते, ते काय सुटतात! लीला मात्र थांबली नाही. हसऱ्या चेहऱ्यानं, भरल्या डोळ्यांनी ती सहाच्या सहा मिनिटं नाचली.

नंतर निकाल लागला. "मूकाभिनय, प्रथम क्रमांक, सौ. लीला खरवंडीकर!"

हे मात्र मनोहररावांना सहन होईना. ते तडक स्टेजवर चढले, माइक हातात घेतला आणि रबर, भुसा, बोल्ट सगळं कबूल करून टाकलं. "चूक माझी आहे. तिच्या नाचाचं मी वाटोळं केलं," ते म्हणाले.

मंडळाचे अध्यक्ष प्रकाशराव सोमण उठले आणि त्यांनी मनोहररावांना कडकडून मिठी मारली. "अहो, दहा वर्षं या स्टेजच्या खडखडाटानं जीव नकोसा केला होता! सांगायचं नाही का आधी?" लगेच शाल आली, नारळ आला. टाळ्या तर लीलाला पडल्या त्याच्या दुप्पट.

परतताना स्कूटरवर लीला मागे बसली होती. मांडीवर बक्षिसाचा कप आणि त्यावर यांचा नारळ. इंद्रपुरीच्या वळणाला मनोहरराव कसेबसे म्हणाले, "चुकलो गं लीला. मला खरंच फार वाईट वाटतंय. पुढच्या वर्षी सगळं रबर काढून टाकतो. तू परत नाच."

"मी नाही आता नाचणार. पुढच्या वर्षी तुम्हीच नाचा," लीला म्हणाली. "आणि रबर राहू द्या. आपटलात तरी कुणाला ऐकू जाणार नाही."