बानगीचा फोन

लांजेवारकाका न्यूझीलंडला फोन लावायचे आणि पोरगा 'हॅलो' म्हणतो न म्हणतो तोच ओरडायचे, "आवाज येऊन राहिला का?"

"येऊन राहिला बाबा."

"साफ?"

"हाव, साफ."

"ठीक आहे. ठेव."

झालं! साता समुद्रापलीकडचं बोलणं आटोपलं. मग काका माझ्याकडे वळून म्हणायचे, "बाई, बानगी बरी वाटते. पन सौदा आताच नाई कराचा. यापेक्षा सस्ता माल भेटन."

मी त्यांची शेजारीण. कोंढ्याच्या शाळेत शिकवते, म्हणून सगळ्या गावाची 'बाई'. काकांनी जन्मभर तांदळाचा व्यापार केला. पोत्यात टोकदार नळीसारखी परखी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, एक दाताखाली फोडायचा, ही बानगी. ती दोन माणसांसमोर पाहायची, मग भाव पाडायचा आणि मगच सौदा. दुकान बंद झालं, पण सवय कुठे जाते? प्रवीण, त्यांचा एकुलता एक पोरगा, नोकरीसाठी ऑकलंडला गेला, आणि पुढे काकांनी भाव पाडायला परदेशी फोनची लाइन धरली. साक्षीदार म्हणून मी. फोनचा स्पीकर चालू करून मला भिंतीवरून हाक, "बाई, जरा या, बानगी आहे!" माझी भाजी चुलीवर करपेना का.

मोबाइलवर फुकट बोलता येतं, वर तोंडही दिसतं, हे मी त्यांना सांगून सांगून थकले.

"खिशातला फोन म्हंजे फिरस्ता," काका म्हणायचे. "घरचा फोन कसा, आपल्या जागेवर बसून राहते. आन फुकट काहून देऊन राहिले ते? कायतरी खोट असन."

तेव्हा घरच्याच फोनवरून, पण स्वस्तात, असा हट्ट. आधी एक कार्ड आणलं. त्याचा नंबर इतका लांबलचक की शेवटच्या आकड्यापर्यंत पोचेस्तोवर फोन कंटाळून टूं टूं करायचा. मग कुठूनतरी कळलं की अमुक नंबरला रिंग देऊन फोन ठेवला, की कंपनीच उलटा फोन करते आणि जोडून देते. काकांनी रिंग दिली, ठेवला. खरंच उलटा फोन आला. एक बाई इंग्रजीत बोलायला लागली. "राँग नंबर!" म्हणून काकांनी आपटला. पुन्हा रिंग दिली, पुन्हा ती बाई, पुन्हा राँग नंबर. शेवटी मला म्हणाले, "पाहा बाई, कोन बाई आहे बावा ही! आपल्या कामाच्या वक्ताले लाइन अडवून राहिली." आता यावर माणसाने हसावं की डोकं आपटावं?

त्यानंतर नागपूरच्या भाचीला मधे घातलं. काकांनी तिला फोन लावायचा, तिने दुसऱ्या, स्वस्तातल्या फोनवर प्रवीणला धरायचं आणि दोन्ही फोन उलटसुलट लावून पोते शिवायच्या सुतळीने बांधायचे. आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. तीन-चारदा 'येऊन राहिला का' ऐकल्यावर भाचीच मधून ओरडली, "मामाजी, आता पुढचं बोला ना काही!"

"पुढचं काय?" काका म्हणाले. "बानगी पाहून राहिलो ना!"

पुढचं बोलणारी काकू होती. ती असताना काका फक्त नंबर लावायचे आणि फोन तिच्या हातात द्यायचे. जेवला का, खायला उंडे करून पाठवू का, थंडी आहे का, हे सगळं तिचं खातं. बाप-लेक दोघं एकमेकांची खुशाली तिच्याकडूनच घ्यायचे. ती गेली, आणि फोनला माणूसच उरलं नाही. स्वस्त लाइनचं हे वेड त्यानंतरचंच. पण हे माझ्याही डोक्यात उशिरा शिरलं.

शिरलं कसं ते सांगते. आमच्या गल्लीत इंटरनेटची नवी तार आली. तिच्याबरोबर घरचा फोन, आणि त्यावरून परदेशी बोलणं त्याच पैशात. तार जोडणारा म्हणाला, "काका, आता कितीही बोला, वरून एक पैसा नाही!"

मला वाटलं, गड जिंकला! पण काकांचा चेहरा असा उतरला, की जणू गोदामात पाणी शिरलं. त्या दिवसापासून हाक नाही. फोनवर त्यांनी टॉवेल झाकून ठेवला. मी विचारलं, "काका, बानगी?"

"फुकटच्या मालाची बानगी कोन घेते, बाई?" एवढंच म्हणाले.

काही दिवसांनी प्रवीणचाच मला फोन. "ताई, बाबा बरे आहेत ना? त्याईचा फोनच नाही. मी केला तं म्हणते, काम आहे का? नाही? मंग ठेव."

मी टॉवेलाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "ताई, एक करा. बाबाले सांगा, नव्या लाइनमध्ये खराबी आहे. प्रवीणले आवाज नाही जाऊन राहिला."

मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी, तशीच गेले आणि धडधडीत खोटं बोलले. काका ताडकन उठले. "मी म्हनलंच होतं! फुकटात खोट राहतेच!" टॉवेल उडाला, चष्मा चढला, नंबर लागला.

"प्रवीण! आवाज येऊन राहिला का?"

"नाही बाबा. तुटून राहिला. बोलत राहा, पाहू."

"काय बोलू?"

"काहीही. लाइन तपासाची आहे ना."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला. "मंग आइक. आज वांगे केले. तुही माय करे तसे नाई झाले. मीठ जास्त पडलं... रोजच पडते. आता येते का?"

"नाही बाबा." प्रवीणचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ होता. "आणखी बोला."

जन्मभर एका दाण्यावरून पोतं ओळखणारा माणूस. त्याला काय कळलं नसेल? काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला हाताने दाराकडे खूण केली.

"बाई, तुमी जा आता. साक्षीदार नाई लागत."

मी पायरी उतरले. मागून काका सांगत होते की घरात कोणी बोलायला नाही. मग त्यांनी विचारलं, "आता तरी येऊन राहिला का आवाज?"

"नाही बाबा. बोला."